जोडीदाराला विसरायला होऊ लागलं, तर मदत कुठे आणि कशी मागायची

आमच्या ह्यांना विसरायला होतंय हे बाकीच्यांना कळायला दोन वर्षं लागली, आणि त्याला कारण मी. पाहुणे दारात आले की त्यांचं नाव मी आधीच मोठ्याने घ्यायचे. गोळ्या हातावर ठेवायचे. फोनवर बोलताना हे अडखळले की फोन मीच घ्यायचे. मुलगा पुण्याहून दोन दिवसांसाठी आला की घर इतकं सुरळीत चालायचं की त्याला काही दिसायचंच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एकाचं राहिलं तर दुसरं सांभाळून घेतं. त्यात आपण काही लपवतोय असं मनातही येत नाही. पण डॉक्टरांकडे जायला उशीर होतो तो याच पांघरुणामुळे. ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी, मी ज्या क्रमाने सगळं करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे. हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आम्ही साताऱ्याला राहतो. उदाहरणंही तिथलीच येतील.

आधी हे वयाचं आहे की वेगळं, ते बघा

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, एखाद्याचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि दुपारी भाकरी थापताना अचानक आठवतं, हे वयाचं. चष्मा साखरेच्या डब्यात सापडणं वेगळं. तोच प्रश्न तासाभरात पाच-सहा वेळा विचारणं, आणि आपण आधी विचारलं होतं हेच लक्षात नसणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, हिशेब न जमणं, सरावाच्या कामाच्या पायऱ्या मागेपुढे होणं, बोलताना साधे शब्द न सापडून "ते... ते हे" म्हणत राहणं, हे सगळं डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे.

बायकोला त्रास होऊ लागला तर खुणा बहुधा स्वयंपाकघरात दिसतात. आमटीत मीठ दोनदा पडतं, कुकरला पाणी घालायचं राहतं, सणाचं जेवण एकटीने निभावेनासं होतं. ज्या नवऱ्याने कधी ओट्यापाशी उभं राहून काही केलेलं नाही त्याला यातलं काही समजत नाही, आणि घरचे "हल्ली हिचं लक्ष नसतं" म्हणून मोकळे होतात. पुरुषाचं बँकेत किंवा चारचौघांत चुकलं की लगेच बोभाटा होतो, बाईचं चुकलेलं घरातल्या घरात जिरतं. नवरे मंडळींनी हे जरा आवर्जून बघावं.

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण मला आता नकोशी वाटते. भारतातल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. आकडा मोठाच आहे. पण तोच उलटा वाचला तर शंभरातल्या नव्वदांहून जास्त म्हाताऱ्या माणसांना हा आजार नाही. मग "वय झालं" एवढ्यावर कसं भागवायचं?

एक गोष्ट मात्र वेगळी. काल-परवापर्यंत बरा असलेला माणूस दोन दिवसांत बरळायला लागला, दिवस-रात्र कळेनाशी झाली, ग्लानीत जाऊ लागला, किंवा तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तर हा लेख बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर उतरणं, पक्षाघात यांत असं होतं, आणि तिथे एकेक तास महत्त्वाचा असतो.

वही

शाळेची साधी शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे लिहा. "हल्ली फार विसरतात" या वाक्यावरून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. माझ्या वहीतल्या तीन नोंदी देते.

"१२ जून. सकाळी चहा करायला गेले. गॅस पेटवला, पातेलं ओट्यावरच. मला म्हणाले, पाणी उकळत कसं नाही."

"१९ जून. पासबुक भरून आणायला गेले. परत येताना पोवई नाक्यावर उभे. ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. घरात आल्यावर म्हणाले, गर्दी होती."

"३ जुलै. धाकट्या भाऊजींचा फोन आला का, हे साडेचार ते साडेपाच सात वेळा विचारलं. सहाव्या वेळी मी ओरडले."

शेवटचं वाक्यसुद्धा लिहा. घरात काय चाललंय ते डॉक्टरांना त्यातूनही कळतं. शिवाय झोप कशी लागते, भूक कशी आहे, चाल बदलली का, लघवीवर ताबा आहे का, कधी पडले का, रात्री नसलेली माणसं दिसतात का, स्वभाव बदलला का, हेही टिपा. सगळ्यात आधी काय खटकलं आणि केव्हा, ते आठवून पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि हे दोन आठवडे मध्ये पडून सावरू नका. धोका नसेल तिथे नाव आठवू दे की न आठवू दे, थांबून बघा. मला हेच सगळ्यात जड गेलं.

न्यायचं कसं

"मला काय धाड भरलीये?" हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येईल. तो नुसता हट्ट नसतो. आपलं काही चुकतंय हे ओळखण्याची शक्तीच आजारात कमी होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ते खरंच बोलत असतात. वाद घालून उपयोग होत नाही. खरंच एखादी दुसरी तक्रार असेल तर तिचा धागा धरा. ह्यांच्या पायांना मुंग्या यायच्या, बीपीची गोळी सुरू होतीच. "सगळं रक्त एकदा तपासून घेऊ" एवढ्यावर हे तयार झाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. काही घरांत बायकोचं ऐकत नाहीत पण जावयाचं किंवा जुन्या मित्राचं ऐकतात. मग त्यांना सोबत घ्या.

माझी एक चूक सांगते. पहिल्याच भेटीत मी ह्यांच्यासमोर सगळं घडाघडा वाचून दाखवलं. हे मान खाली घालून ऐकत बसले आणि घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर स्टँडवर शेकडो लोकांना वाट दाखवली, त्याला तो कुठे कुठे हरवला ते परक्यासमोर ऐकवणं चुकीचंच होतं. आदल्या दिवशी वहीचा सारांश एका पानावर काढून चिठ्ठी आत पाठवा, किंवा पाच मिनिटं एकट्याने बोलायला मिळतील का ते विचारा. तपासताना प्रश्न त्यांना विचारला असेल तर उत्तर त्यांनाच देऊ द्या.

सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून किंवा फिजिशियनपासून करायला हरकत नाही. पुढे न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. दोघेही हा आजार बघतात. मानसोपचार म्हटलं की नातेवाईक दचकतात, त्यांना दचकू द्या. खासगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमधल्या मानसोपचार विभागात जा. मुंबईत केईएम, नायर, जेजे, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आणि शेजारचं गोवा मेडिकल कॉलेज, इथे ओपीडीत दाखवता येतं. सकाळी लवकर जा, डबा बरोबर न्या, आणि आणखी एक माणूस सोबत असू द्या, म्हणजे केसपेपरच्या रांगेत एकजण उभा राहील आणि एकजण त्यांच्याजवळ बसेल.

आम्हाला पहिल्या ठिकाणी "वय झालंय, बदाम द्या" असं सांगून परत पाठवलं होतं. मी ते मान्य केलं आणि त्यात आठ महिने गेले. तुम्हाला असंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा.

बरोबर काय न्यायचं? वही, जुने रिपोर्ट, चष्मा, कानाचं यंत्र असेल तर तेही. आणि घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या-औषधं एका पिशवीत, आयुर्वेदिक, मेडिकलमधून परस्पर आणलेली, शेजारणीने दिलेली झोपेची गोळीसुद्धा. काही झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणारी सर्दी-खाजेची औषधं, लघवी रोखून धरायला देतात त्यातली काही औषधं, यांनी म्हाताऱ्या माणसाची स्मृती अंधूक होते. मात्र झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने जास्त बिघडतं. डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

तपासणीत काय होतं

आधी बोलणं, मग छोटी परीक्षा. आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, तीन शब्द लक्षात ठेवून पाच मिनिटांनी सांगा, शंभरातून सात वजा करत चला. यातल्या नेहमीच्या चाचण्या ३० गुणांच्या असतात. शिक्षण किती झालंय ते आधी सांगा, कारण कमी शिकलेल्या माणसाला बरा असूनही कमी गुण पडू शकतात. परीक्षा मराठीत घ्या असंही सांगा.

घड्याळ काढायला लावतात. डॉक्टर म्हणाले, "काका, गोल काढा, आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." ह्यांनी गोल सुरेख काढला. मग एक, दोन, तीन करत सगळे आकडे उजव्या बाजूलाच, एकाखाली एक. बारा लिहायला जागाच उरली नाही. पेन कागदावर टेकवून बराच वेळ बघत राहिले, मग दोन्ही काटे दहा आणि अकरा या आकड्यांकडे ओढले. महाबळेश्वर, कराड, पंढरपूर, प्रत्येक गाडीची वेळ तोंडपाठ असलेला हा माणूस. मला तो कागद मागून घ्यावासा वाटला, पण तो फाइलला लागला.

काही जण मात्र डॉक्टरांसमोर अगदी हुशारीने बोलतात, गुणही बरे मिळवतात. तिथे वही कामाला येते.

नंतर रक्त. बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, मूत्रपिंड, यकृत, हिमोग्लोबिन. या भागावर मी मुद्दाम जोर देते, कारण विसरण्याची काही कारणं उपचाराने सुधारतात आणि ती आधी शोधायलाच हवीत. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत पुष्कळ असते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांतही तिची शक्यता वाढते. थायरॉइड मंदावलं तरी माणूस सुस्त आणि विसरभोळा होतो. नैराश्यात लक्षच लागत नाही, मग लक्षात काय राहणार? कान कमी ऐकू येत असतील तर निम्मं बोलणं आत पोचतच नाही, आणि आपण म्हणतो विसरले.

मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन बहुधा सांगतात. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी पडून डोक्याला मार लागला असेल, विशेषतः रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं. ते ऑपरेशनने काढता येतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसरणं हे तिन्ही एकत्र आलं तर मेंदूत पाणी वाढलेलं असू शकतं; त्यावरही शस्त्रक्रिया आहे. शरीरात पेसमेकर असेल तर एमआरआयच्या आधी सांगायला विसरू नका.

नाव कळल्यावर

स्मृतिभ्रंश हे लक्षणांच्या समूहाचं नाव. त्यामागचा आजार कोणता, ते विचारा. अल्झायमर सर्वांत जास्त आढळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा दुसरा. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात डोळ्यांसमोर माणसं-प्राणी दिसतात आणि काही औषधं अजिबात सोसत नाहीत, म्हणून नाव माहीत असणं गरजेचं. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमँटिन ही औषधं आजार बरा करत नाहीत. काहींना काही काळ थोडा आधार देतात. मळमळ, जुलाब झाले किंवा नाडी मंद होऊन चक्कर आली तर लगेच कळवा. संतापावर किंवा भ्रमावर जड औषध लिहून दिलं तर ते किती दिवस घ्यायचं ते विचाराच, कारण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत अशा काही औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. बुद्धी वाढवणाऱ्या सिरपच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. ते पैसे पुढे माणूस ठेवायला लागणार आहेत.

कागदपत्रं: हे टाळू नका

निदानानंतरचे पहिले काही महिने यासाठीच आहेत असं समजा, कारण सही करताना आपण काय करतोय हे समजणारा काळ मर्यादित असतो. मला हे बोलताना लाज वाटायची, जणू मी ह्यांच्या मरणाचीच तयारी करत होते. शेवटी ह्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याने विषय काढला आणि हे शांतपणे म्हणाले, "करून टाकू, मला कळतंय तोवर."

बचत खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करून घ्या. मुदत ठेवी, विमा, पोस्ट, सगळीकडे नामनिर्देशन आहे का ते बघा. कुठे काय आहे, लॉकरची किल्ली कुठे, कुणाला किती उसने दिलेत, ते त्यांच्याकडूनच विचारून एका कागदावर लिहून काढा. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, एकदा मुलांकडून शिकून घ्या. ओटीपी विचारणारे चोर अशा माणसांच्या शोधातच असतात, म्हणून मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करून ठेवा.

मृत्युपत्र करायचं असेल तर आताच. निदान झालं म्हणजे मृत्युपत्र करता येत नाही, असं नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ५९ नुसार करताना त्या वेळी मन ठिकाणावर असणं महत्त्वाचं. दोन साक्षीदार लागतात. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करा. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढचे वाद टळतात.

कुलमुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ ॲटर्नी) मोठा गैरसमज आहे. "मुलाच्या नावे करून ठेवलंय, काळजी नाही" असं लोक म्हणतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते करून देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे खरी गरज असते तेव्हाच ते चालत नाही. आजार पुढे गेल्यावर घर किंवा जमिनीचा व्यवहार करायचा तर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागू शकतं. वकिलाला आधीच गाठायचं ते एवढ्यासाठी.

घरात

सिलिंडर रात्री बंद करा. बाथरूममध्ये पकडायला दांडी आणि रात्रभर मंद दिवा ठेवा. स्कूटर आता चालवायची नाही हे डॉक्टरांच्या तोंडून सांगायला लावा आणि मग किल्ली काढून घ्या, म्हणजे राग तुमच्यावर निघणार नाही.

हे एका पहाटे पाच वाजता खाकी पँट घालून निघून गेले. स्टँडवर फलाट क्रमांक तीनपाशी उभे होते, ड्युटीला. मी हात धरून म्हटलं, "अहो, आज तुमची साप्ताहिक सुट्टी आहे." लगेच माझ्याबरोबर आले. "तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली" असं म्हटलं असतं तर तिथेच भांडण पेटलं असतं. तेव्हापासून शर्टाच्या खिशात नाव, पत्ता, दोन फोन नंबर असलेली चिठ्ठी असते, दाराला वरून कडी असते, आणि किराणा दुकानदार, रिक्षा थांबा, स्टँडवरची मंडळी सगळ्यांना मी सांगून ठेवलंय. कोणी हरवलं तर चोवीस तास थांबावं लागतं हे खोटं आहे. लगेच ११२ ला फोन करा, अलीकडचा फोटो हाताशी ठेवा.

संशयाबद्दल थोडं. "माझे पैसे तूच घेतलेस" हे ज्या दिवशी ऐकाल तो दिवस फार वाईट जाईल. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्याकडे ऑगस्टे डेटर नावाची एकावन्न वर्षांची बाई आली होती. पुढे या आजाराला त्यांचं नाव पडलं ते तिच्यामुळेच. तिच्या आजाराचं सुरुवातीचं एक लक्षण काय होतं, तर नवऱ्यावरचा संशय. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं, पण बरंही वाटलं. तेव्हा आरोप खोडून काढत बसू नका. "थांबा, आपण दोघं मिळून शोधू" म्हणा आणि खरोखर शोधायला लागा. पाकीट बहुतेक वेळा गादीखाली असतं.

तुमच्यासाठी मदत

गोव्यात संगाथ संस्थेने गावातल्याच साध्या लोकांना शिकवून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी पाठवलं होतं. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सांभाळणाऱ्यांना माहिती दिली, वागायचं कसं ते दाखवलं, त्यांचं ऐकून घेतलं, आणि सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. असं कोणी तुमच्या दारी येईल असं नाही, म्हणून आपणच विचारायचं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन, १४५६७. स्वतःला सहन होईनासं झालं, रात्री वाईट विचार येऊ लागले, तर टेलिमानस, १४४१६. तिथे चोवीस तास माणूस असतो आणि मराठीत बोलता येतं. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते. मुंबई-पुण्यातही तिच्या शाखा आहेत.

मुलांकडे मदत मागताना "जरा लक्ष द्या" असं मोघम म्हणू नका. मी मुलाला सांगितलं, महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार तुझा, आणि तेव्हा मी घरात नसेन. पहिल्यांदा तो म्हणाला, "आई, बाबा तर ठीक आहेत." मी पिशवी घेऊन बहिणीकडे वाईला गेले. रविवारी दुपारी त्याचा फोन आला, आवाज बसलेला होता. "आई, हे तू रोज करतेस?" त्यानंतर सकाळी चार तासांसाठी बाई ठेवली, पगार तो देतो. त्या चार तासांत मी पहिले काही दिवस नुसती झोपले.

डॉक्टर दर तीन-चार महिन्यांनी बोलावतात. जाताना नवी वही न्या, औषधांची पिशवीही. आणि त्याच भेटीत स्वतःचं बीपीही मोजून घ्या.